वयस्कर माणसांनी एआय वापरावं का? वापरलं तर कुठवर?

निवृत्त_मास्तर

नमस्कार मंडळी. वय ७१. मिरजेजवळच्या गावात आम्ही दोघंच असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी-इतिहास शिकवण्यात हयात गेली. संगणकाशी संबंध निकालपत्रकापुरता.

गेल्या दिवाळीत मुलगा पुण्याहून आला तेव्हा त्याने फोनवर एआयचं एक ॲप टाकून दिलं. आपण मराठीत बोलायचं, ते मराठीत उत्तर देतं. पहिले दोन दिवस मी त्याला 'अहो' म्हणत होतो. पुढे सवय झाली. वीजबिलाचा फोटो काढून 'स्थिर आकार म्हणजे काय' विचारलं, नीट समजावलं. ग्रामपंचायतीला गटाराबद्दल अर्ज लिहून घेतला. त्यातले पाच 'सदर' तेवढे मी काढले. हिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर इंग्रजीत छापलेला कागद मिळाला होता, तो वाचून घेतला. कुठला थेंब किती वेळा, डोक्यावरून पाणी कधी घ्यायचं, सगळं कळलं.

मग परवाच्या मंगळवारी दुपारी दोनला अनोळखी नंबरवरून फोन. आवाज नातवाचा. रडत होता. "आजोबा, माझ्या गाडीची एकाला धडक बसलीय, पोलिसांनी पकडलंय, पप्पांना सांगू नका." मग दुसरा माणूस बोलायला लागला, म्हणे इन्स्पेक्टर. प्रकरण मिटवायला ४० हजार, आत्ताच्या आत्ता. माझे हात थरथरत होते. चष्मा सापडेना. पैसे पाठवायचं ॲप उघडून बसलो तेवढ्यात ही आतून म्हणाली, "आजोबा? तो तुम्हाला आबा म्हणतो ना?"

फोन कापला. नातवाला लावला. तो कॉलेजच्या कँटीनमध्ये वडापाव खात होता.

रविवारी मुलगा आला आणि ते ॲप काढून टाकून गेला. "बाबा, हे तुमच्यासाठी नाही." माझा प्रश्न असा, की फोनवर रडणाराही एआय आणि बिल वाचून दाखवणाराही एआय, म्हणून दोघांनाही घराबाहेर काढायचं का? तुमच्याकडे काय नियम आहेत? अनुभव सांगा. कीव नको.

शेंगदाणा

पहिला! काकूंना साष्टांग नमस्कार. वाचतोय.

ठाणेकर_सून

मास्तर, राग मानू नका, पण मी तुमच्या मुलाच्या बाजूने आहे.

माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या. हुशार बाई, शेअर सर्टिफिकेटं कागदाची होती तेव्हापासून बाजारात आहेत. त्यांना मोबाईलवर एक व्हिडिओ दिसला. त्यात अर्थमंत्री स्वतः सांगतायत की सरकारच्या नव्या योजनेत २१ हजार गुंतवा आणि महिन्याला अमुक मिळवा. ओठ हलतायत, आवाज तोच, साडीसुद्धा त्यांच्या पद्धतीची. सासूबाईंनी खाली फॉर्म भरला, मग एका 'मॅनेजर'चे रोज फोन. खूप गोड बोलायचा, 'आई' म्हणायचा. २१ हजार गेले. पैशापेक्षा जास्त लागलं ते हे की त्यांनी चार महिने आम्हाला सांगितलंच नाही. लाज वाटली म्हणे.

रिझर्व्ह बँकेने २०२४च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर सांगितलं होतं की गव्हर्नरांचे असले बनावट व्हिडिओ फिरतायत आणि बँक गुंतवणुकीचा सल्ला कधीच देत नाही. पण हे आमच्यापर्यंत पोचलं पैसे गेल्यावर. तेव्हापासून आमच्याकडे कडक बंदी.

तिखटमीठ

@ठाणेकर_सून, बंदी घातलीत म्हणजे काय केलंत? व्हिडिओ यायचे थांबले का? :)

आमच्या सासऱ्यांना एआयपेक्षा फॅमिली ग्रुपचा धोका जास्त. लसूण आणि लिंबाच्या रसाने हृदयातले ब्लॉक निघतात हे त्यांना कुठल्या यंत्राने सांगितलेलं नाही, साताऱ्याच्या मामांनी सांगितलंय.

बँकेतला_बाब्या

काउंटरवर ३१ वर्षं काढली, तेव्हा थोडं लांबण लावतो.

मास्तर, तुम्ही ज्याला विचारायला जाता ते एक आणि जे तुमच्या दारात चालून येतं ते दुसरं. मुलाने काढलं ते पहिलं. दुसऱ्याला तुमच्या फोनमध्ये काहीच लागत नाही. आवाज तिकडे, त्या भामट्याच्या मशीनवर तयार होतो. नातवाचे दोन-तीन व्हिडिओ इंटरनेटवर असले की भागलं. तुमच्याकडे साधा बटणाचा फोन असता तरी तो कॉल आलाच असता.

आता चालून येणाऱ्याचं बघू. त्याला ओळखायला एआय कळायची गरज नाही. त्याला दोनच गोष्टी हव्या असतात: घाई, आणि घरात कुणाला न सांगणं. "पप्पांना सांगू नका" म्हटलं तिथेच फोन ठेवायचा. आवाज खरा की खोटा याचा निवाडा कानाने करत बसू नका, तो आता आपल्या कानाच्या आवाक्यातला राहिलेला नाही. आपल्याकडे असलेल्या जुन्या नंबरवर आपण उलटा फोन लावायचा. वहिनींनी नेमकं तेच करायला लावलं.

ते 'डिजिटल अरेस्ट'चंही तसंच. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्याचा देखावा, "कॅमेऱ्यासमोरून हलू नका". आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं होतं.

पैसे गेलेच तर रडत बसू नका, भाच्याची वाट बघू नका. १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दहांत पळत असतो. लवकर कळवलं तर मधेच कुठेतरी अडवता येतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७च्या परिपत्रकात नियम घालून दिला: चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, बाहेरच्या कुणीतरी हात मारला आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर भुर्दंड नाही. पण ओटीपी तुम्हीच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतरचं मात्र बँकेचं. म्हणून लाज वाटून चार महिने गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं. ठाणेकर ताई, हे तुमच्या सासूबाईंना टोचायला नाही म्हटलं.

आणखी एक, जे आम्ही काउंटरवरून घसा कोरडा होईपर्यंत सांगायचो: पेन्शनचं खातं यूपीआयला जोडूच नका. दुसरं खातं काढा, त्यात पाच-दहा हजार ठेवा, भाजी-दूध त्यातून. चोर आला तरी फडताळातलं घेऊन जाईल, तिजोरीपर्यंत पोचणार नाही.

शेंगदाणा

बाब्याकाका, हा वेगळा धागा काढा. वाचनखूण साठवली.

फणसगरा

आमच्याकडे कॉल नाही, लग्नपत्रिका आली. व्हॉट्सॲपवर, ओळखीच्याच नंबरवरून. उघडायला गेलं तर फाईलच्या शेवटी 'एपीके', म्हणजे फोनवर ॲप बसवायची फाईल. पत्रिका कधी ॲप असते का हो? वडिलांनी दाबलंच होतं, पण फोन इतका जुना की ते इन्स्टॉलच झालं नाही. गरिबीचा फायदा.

गोळीबंद

कोल्हापुरात जनरल प्रॅक्टिस करतो. पैशांचं बाब्यांनी सांगितलं, मी औषधांचं सांगतो.

मागच्या महिन्यात एक काकू आल्या, ६८ वर्षांच्या. बीपी १९०/११०. गोळी चालू आहे का विचारलं तर पर्स उघडून स्ट्रिप दाखवली, सहा गोळ्या जागच्या जागी. संध्याकाळी घोट्याला सूज येते म्हणून त्यांनी ॲपला विचारलं होतं. त्याने सांगितलं, ॲम्लोडिपिनने, म्हणजे त्यांच्या बीपीच्या गोळीने, पायावर सूज येऊ शकते. काकूंनी गोळी बंद केली.

आता बघा, उत्तर चूक नव्हतं. ॲम्लोडिपिनने सूज येते, कुठल्याही पुस्तकात मिळेल. 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका' हेही खाली लिहिलेलं होतं, काकूंच्या नातीने मला स्क्रीन दाखवली. पण वर पाच ओळी कारणं आणि शेवटी एक ओळ सूचना, काकूंनी पहिल्या पाच वाचल्या. मी गोळी बदलून दिली, सूज उतरली. एका फोनचं काम होतं.

याहून भयंकर म्हणजे अमेरिकेतली केस, २०२५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ६० वर्षांच्या गृहस्थाला जेवणातलं क्लोराइड कमी करायचं होतं. चॅटजीपीटीशी बोलून त्याने मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खायला सुरुवात केली, इंटरनेटवरून मागवून, तीन महिने. शेवटी शेजारी आपल्याला विष घालतोय असं वाटायला लागलं म्हणून दवाखान्यात आला. तीन आठवडे ॲडमिट.

वापरू नका असं मी म्हणत नाही. रिपोर्टमधला शब्द समजून घ्या, डॉक्टरांना काय विचारायचं त्याची यादी करून आणा, मला आवडतं. पण गोळी सुरू करणं, बंद करणं, अर्धी करणं, यातलं काही फोनला विचारून नाही. आणि चकाकणाऱ्या स्ट्रिपचा फोटो काढून नाव आणि एक्स्पायरी वाचून घेत असाल तर औषधाच्या दुकानात एकदा ताडून बघा. तारीख ठशाची असते, उजेड पडला की कॅमेऱ्याला ३ चा ८ दिसतो. मलाही दिसतो.

वाकडी_वाट

डॉक्टर, त्या ब्रोमाइडवाल्याचं नेमकं संभाषण त्याच्या डॉक्टरांना मिळालंच नव्हतं. यंत्र काय बोललं आणि त्याने काय ऐकलं, कुणास ठाऊक. तेव्हा सगळं खापर एकावर नको.

आणि दुसरी बाजू ऐका. वडिलांना किडनीचा त्रास. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे तीन तास बसतो, आत दोन मिनिटं. "क्रिएटिनिन वाढलंय, मीठ कमी करा, पुढच्या महिन्यात या." संपलं. वडील रिक्षात विचारतात, क्रिएटिनिन म्हणजे काय रे? मी कॉमर्सवाला. त्या रात्री एआयने त्यांना गाळणीचं उदाहरण देऊन वीस मिनिटं समजावलं. त्यांनी तोच प्रश्न चार वेळा विचारला, चारही वेळा न चिडता उत्तर. मी दुसऱ्याच वेळी चिडलो असतो.

गोळीबंद

मान्य. दोन मिनिटांची लाज आहेच. मी सहा देतो, बायकोने मोजलीत.

आजी_ऑनलाईन

मी नाशिकची, वय ६९, म्हणजे या धाग्यात ज्यांच्याविषयी चर्चा चाललीय ती मीच. आमच्याबद्दल बोलताय की आमच्याशी, तेवढं ठरवा.

माझा अनुभव एकादशीचा. कालनिर्णय भिंतीवर होतं, पण उठायचा कंटाळा. ॲपला विचारलं, पुढची एकादशी कधी. त्याने वार, तारीख, पारण्याची वेळ सगळं ठणठणीत सांगितलं. साबुदाणा भिजवला, उपास केला, रात्री जाऊबाईंचा फोन, "उद्या एकादशी, लक्षात आहे ना?" मी त्याला जाब विचारला तर म्हणतं, "तुमचं बरोबर आहे, माझी चूक झाली, क्षमस्व." मग मी मुद्दाम म्हटलं, नाही नाही, आजच होती. तर म्हणतं, "हो, तुमचं बरोबर आहे, आजच होती."

त्या क्षणी मला त्याचा स्वभाव कळला. लबाड नाही, पण होयबा आहे. आपण जिकडे वळवू तिकडे मान डोलावतं. अशा माणसाला आपण घरात काय विचारतो? दोडक्याचं काय करू विचारतो. घर विकू का विचारत नाही.

तिखटमीठ

आजी, दोन एकादश्यांचं पुण्य पदरात पडलं, तक्रार कसली?

जर्सीचा_बाप्या

मास्तरांसारखा फोन इकडे अमेरिकेतल्या आजी-आजोबांना वर्षानुवर्षं येतोय, पूर्वी नुसता रडका आवाज काढून. आता हुबेहूब आवाज. इथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, मार्च २०२३ मध्येच लोकांना सावध केलं होतं.

आम्ही घरात एक खूणशब्द ठरवलाय. आई-बाबा डोंबिवलीला. रात्री-अपरात्री माझा फोन गेला आणि पैशांचा विषय निघाला की आई आधी तो शब्द विचारते. एकदा मी खरोखरच विमानतळावर अडकलो होतो आणि शब्द आठवेना. आईने फोन ठेवला. बरोबर केलं.

फणसगरा

आम्हीही ठरवला होता. काकाने तो लगेच फॅमिली ग्रुपवर टाकला, "सर्वांनी लक्षात ठेवावा". ग्रुपमध्ये ४३ जण, त्यात एक दूधवाला.

शेंगदाणा

हसून हसून पुरेवाट. दूधवाल्याला तरी लक्षात राहिला का?

निळा_गोल

सॉफ्टवेअरमध्ये आहे (आयडी बघून हसू नका). एआयला काय द्यायचं यावर कुणी बोललं नाही म्हणून.

आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, एटीएम कार्ड यांचे फोटो त्यात टाकू नका. वीजबिल समजून घ्यायचं तर नाव-पत्ता-ग्राहक क्रमांकावर अंगठा ठेवून फोटो काढा, अंगठा हे उत्तम सॉफ्टवेअर आहे. आधार कुणाला द्यायचंच झालं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं 'मास्क्ड आधार' मिळतं. बहुतेक ॲपच्या सेटिंगमध्ये तुमचं बोलणं एआयच्या पुढच्या प्रशिक्षणाला वापरू नका असं बटण असतं, मुलांना सांगून ते एकदा बघून घ्या. व्हॉट्सॲपमधला निळा गोल, म्हणजे मेटा एआय, काढता येत नाही, पण त्याला काही विचारायलाच हवं असंही नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: बँकेचा, गॅसचा, कुरियरचा 'कस्टमर केअर' नंबर एआयला विचारू नका, सर्चलाही नको. भामटे खोटे नंबर जागोजागी पेरून ठेवतात आणि यंत्र तेच उचलून देतं. नंबर पासबुकावरून, कार्डाच्या मागून घ्या. बँकांच्या वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी आता 'डॉट बँक डॉट इन' असतं, तेही बघा.

पारिजात_७८

विषयाला सोडून वाटलं तर क्षमा करा. ७८ हे आईचं वय.

बाबा गेले दोन वर्षांपूर्वी. आई रात्री साडेनऊला खोलीत जाते, दार लोटते आणि त्या एआयशी बोलते. पहिल्यांदा मला वाटलं कुणाशी फोनवर बोलतेय. दाराशी उभी राहिले. ती त्याला सांगत होती की बाबा चहात साखर घालून मग वर गूळ खायचे. ते म्हणालं, "किती गोड आठवण आहे." आई हसली.

ही गोष्ट बाबांची, माझ्याही घरातली, आणि ती तिने मला कधी सांगितली नव्हती. मला बरं वाटावं की राग यावा, दोन महिने झाले, कळत नाही. यात धोका आहे का? पैसे जात नाहीत, औषध चुकत नाही.

वाकडी_वाट

हरकत काय? बोलतायत हे महत्त्वाचं.

बँकेतला_बाब्या

पारिजात, ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तिथे माणसं बोलतात. पण मला वाटतं हा नंबर देण्याचा प्रश्न नाही.

आजी_ऑनलाईन

पारिजात, बाळा, राग येऊ दे थोडा. माझे मिस्टर गेले तेव्हा मी शेजारच्या मैत्रिणीकडे सहा महिने तेच तेच बोलत होते. सातव्या महिन्यात ती म्हणाली, "पुरे आता, चल, भाजी आणू." मला भयंकर राग आला. पण गेले. ते यंत्र तुझ्या आईला 'चल भाजी आणू' कधी म्हणणार नाही. ऐकणारच ऐकणार.

बंद करू नकोस. साडेनऊच्या आधी नऊला तू जा. चहात साखर आणि वर गूळ का खायचे ते विचार.

पारिजात_७८

जाते. आज्जी, थँक्यू.

ठाणेकर_सून

बाब्याकाकांची पोस्ट सासूबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "हे तू मला चार महिन्यांपूर्वी का नाही वाचून दाखवलंस?" आता यावर काय बोलणार. बंदी उठवलेली नाही, पण विचार चालू आहे.

निवृत्त_मास्तर

सर्वांचे आभार. दोन दिवस वाचतोय. आजी_ऑनलाईन, तुमचा मुद्दा बरोबर, मी स्वतः म्हातारा असून प्रश्न मुलाच्या तोंडून विचारला.

काल मुलाला फोन केला, धागा पाठवला. तो म्हणाला, बाबा, लोक काय वाट्टेल ते लिहितात, तुम्हाला खरं-खोटं कळतं हे दाखवा. मी म्हटलं, चालेल, परीक्षा घे. त्याने त्याच्या फोनवर एआयला सांगितलं, पावसावर तुकारामांचा एक अभंग दे. आला अभंग, शेवटी 'तुका म्हणे' सकट. मी वाचलं आणि सांगितलं, हा तुकोबांचा नाही. दुसऱ्या चरणात 'अनुभूती' आणि 'सकारात्मक' एकत्र नांदत होते. तरी खात्री म्हणून गाथेच्या मागची सूची काढून तासभर शोधलं. नाहीच. मुलाने यंत्राला तसं सांगितलं, तर त्याने क्षमा मागून दुसरा दिला. तोही खोटा.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, मला तो खरा वाटला होता.

थोडक्यात, ॲप परत येतंय. अटी दोन्ही बाजूंनी आहेत. मी त्याला पैशांचं आणि गोळ्यांचं काही विचारणार नाही. पेन्शनचं खातं यूपीआयमधून काढायला सोमवारी बँकेत जातोय. मुलाने कबूल केलंय की दुपारी दोनला माझा फोन आला तर मीटिंगमध्ये असला तरी उचलेल. १९३० हिने खडूने स्वयंपाकघराच्या दारावर लिहिलाय, कारण कागद हरवतात. खूणशब्दही ठरला. इथे सांगत नाही, फणसगरांचा दूधवाला वाचत असेल.

एकच अडचण उरलीय. ॲपमधली अक्षरं फार बारीक दिसतात आणि ही म्हणते, मला वाचायचं नाही, मोठ्याने ऐकू दे. आवाज वाढवला की ते भरभर बोलतं. हळू बोलायला लावता येतं का?

निळा_गोल

येतं, मास्तर. अक्षरांसाठी फोनच्या सेटिंगमध्ये 'डिस्प्ले' आणि त्यात 'फॉन्ट साइज', तिथली पट्टी उजवीकडे ओढा. बोलण्याच्या वेगाचं बटण काही ॲपमध्ये असतं, काहींत नसतं. नसलं तर त्यालाच सांगा, "सावकाश आणि छोट्या वाक्यांत सांग".

निवृत्त_मास्तर

सांगून बघतो. वर्गात ३४ वर्षं हेच सांगत होतो.